मेटल डिटेक्टरला महिनोन्‌महिने काही लागत नाही, उत्साह टिकवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरचे. गेल्या दिवाळीत मधल्या किमतीचं मशीन घेतलंत. जमेल त्या रविवारी सकाळी सांवेर नाहीतर सिमरोलकडच्या ओळखीच्या शेतांत जाता. आजवरची कमाई म्हणजे खिळे, बाटल्यांची झाकणं, ॲल्युमिनियमचे कपटे आणि पाच रुपयांचं एक नाणं. परत आलात की घरचे विचारतात, "आज किती किलो?" इंग्लंडमधल्या व्हिडिओत मात्र तासाभरात चांदीचं नाणं वर येतं. तर उत्साह टिकवायचा कसा, मोठी कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) घ्यावी का, की मशीन विकूनच टाकावं?

उत्साहाचं जरा बाजूला ठेवू. कोरडा काळ म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कधी जमिनीत खरंच काही नसतं. कधी असतं, पण ते मशीनपर्यंत किंवा आपल्या कानापर्यंत पोचत नाही. पहिल्यावर उपाय जागा बदलण्याचा, दुसऱ्यावर सेटिंग आणि सवयी बदलण्याचा. यातलं आपलं कोणतं हे न तपासता माणूस नुसता धीर धरत बसला, तर सहा महिन्यांत मशीन माळ्यावर जातं. माझ्या ओळखीतली बरीच मशिनं तशीच गेली आहेत. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमचं प्रकरण निम्म्याहून जास्त दुसऱ्या प्रकारातलं आहे. छातीठोकपणे सांगत नाही, कारण मशीन कोणतं, कॉइल केवढी, शेत सपाटीवरचं की उताराचं, यावर बरंच ठरतं.

सुरुवात मातीपासून करू, कारण व्हिडिओत ती कोणी सांगत नाही. आपलं माळव्याचं पठार दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि त्याच दगडाची झीज होऊन ही काळी माती झाली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, आणि ते मातीतही उतरतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि एखाद्या नाल्याच्या कोरड्या वाळूतून चार वेळा फिरवा. वर काढाल तेव्हा पिशवीवर काळ्या बारीक कणांची लव उभी राहिलेली दिसेल. आतलं चुंबक फिरवलं की ती लवही मान वळवते. तुमचं मशीन दर झोक्याला हेच ऐकत असतं.

आपल्याकडची बहुतेक मशिनं एकाच तत्त्वावर चालतात. कॉइल जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइलमधला दुसरा वेढा पकडतो. उत्तर किती मागे पडून आलं यावरून मशीन अंदाज बांधतं, की खाली लोखंड आहे, ॲल्युमिनियम आहे की चांदी. मातीतलं लोहखनिजही उत्तर देतं आणि ते कॉइलखालच्या सगळ्या मातीतून एकदम येतं. त्या गोंगाटात पाच-सहा इंच खोल पडलेलं नाणं बुडून जातं, किंवा त्याचा पडद्यावरचा आकडा घसरून लोखंडाच्या घरात जाऊन बसतो. तुम्ही "खिळा असेल" म्हणून पुढे जाता.

म्हणून आपल्याकडे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा गोंगाट वगळायला मशीनला लावणं, ही एकदाच करायची गोष्ट नव्हे. दर शेतात करायचा, आणि त्याच शेतात काळ्या मातीवरून मुरमावर आलात की पुन्हा करायचा. स्वच्छ जागा बघून कॉइल गुडघ्यापासून जमिनीपर्यंत वर-खाली हलवायची, आवाज सपाट होईपर्यंत. दुसरं, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक सिग्नल पकडेल ती पातळी, खाली आणा. नवीन माणूस ती शेवटपर्यंत चढवतो, कारण जास्त म्हणजे खोल असं त्याला वाटतं. काळ्या मातीत ती चढवली की मशीन जमिनीशीच बडबडायला लागतं आणि त्या बडबडीत कामाचा सिग्नल ओळखू येत नाही. मशीन शांत होईल इतकी उतरवा, मग जे बोलेल ते ऐका. आणि मोठ्या कॉइलचं उत्तर इथेच देऊन टाकतो: घेऊ नका. मोठी कॉइल जास्त माती बघते, म्हणजे जास्त लोहखनिजही बघते. असल्या जमिनीत लहान डबल-डी (इंग्रजी D सारखे दोन वेढे असलेली) कॉइल पुष्कळदा मोठीइतकीच खोल जाते, आणि दोन खिळ्यांच्या मधलं नाणं वेगळं काढून दाखवते, जे मोठीला जमत नाही.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर पडलेली वस्तू त्या भेगेत गेली की एकाच उन्हाळ्यात हातभर खाली. पुढच्या पावसात भेग मिटते आणि नाणं आपल्या मशीनच्या टप्प्याबाहेर जातं. त्यामुळे "इतकी जुनी वस्ती, इतकं जुनं शेत, मग काहीच कसं नाही?" हा प्रश्न सांवेरकडच्या खोल काळ्या रानात फारसा लागू होत नाही. सिमरोलकडे, घाट जवळ येतो तिथे, माती पातळ होते आणि खाली मुरूम लागतो. वस्तू मुरमावर अडून राहते. माझ्या हाताला जे लागलं त्यातलं बरंचसं अशाच पातळ मातीतून आलं. तिकडे फक्त वनखात्याची हद्द कुठे सुरू होते ते गावात विचारून घ्या.

आता नाण्यांकडे येतो. व्हिडिओ बघून केलेली सेटिंग आपल्याला सगळ्यात जास्त नाडते ती इथे. इंग्लंडमधल्या शेतात रोमन काळापासून चांदी आणि तांब्याच्या मिश्रधातूंची नाणी पडत आली आहेत. तिथला माणूस डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळण्याची सोय, लावून लोखंड बंद करतो, ॲल्युमिनियमच्या घरातलं बरंच सोडून देतो, आणि तरी त्याला नाणी लागतात. आपल्या खिशात काय होतं ते आठवा. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे आले, १९९२ पासून रुपया. हे स्टील चुंबकाला चिकटणारं आहे. ओंकारेश्वरच्या किंवा महेश्वरच्या घाटावर दोरीला चुंबक बांधून नर्मदेत टाकणारी पोरं पाहिलीच असतील. त्यांचा सगळा धंदा या स्टीलवर चालतो, आणि एका दुपारी ती जेवढी नाणी काढतात तेवढी आपल्या महागड्या मशिनांना वर्षात लागत नाहीत. त्याआधीचा रुपया, १९७० च्या आसपासचा, शुद्ध निकेलचा होता, आणि निकेलही चुंबकाला चिकटतं. म्हणजे लोखंड बंद केलं की आपल्या चलनाचा मोठा भाग तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलात, निदान त्याचा सिग्नल तुटक करून ठेवलात.

उरलेली नाणी दुसऱ्या टोकाला फसवतात. १९६४ पासूनचे षट्‌कोनी तीन पैसे, १९७१ पासूनचे कंगोरेदार दहा पैसे, नंतरचे षट्‌कोनी वीस पैसे, हे सगळे ॲल्युमिनियमचे. त्यांचा आकडा औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाजवळ आणि कीटकनाशकाच्या बाटलीच्या सीलजवळ येतो. शेतात यांचा काय सुकाळ असतो हे तुम्हाला सांगायला नको. तांबं-निकेलचे जुने जाड पाच रुपये, बारीक सोन्याची अंगठी, नाकातली मोरणी, हीसुद्धा त्याच खालच्या पट्ट्यात. स्वच्छ, उंच, गोल आवाज देणारी चीज म्हणजे जुना चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, किंवा चांदीची जाड जोडवी. त्या एका आवाजाची वाट बघत बाकी सगळं ओलांडत गेलात, तर कोरडा काळ आपणच ओढवून घेतला म्हणायचं.

तेव्हा विकण्याचा विचार करण्याआधी एक चाचणी करा. ज्या शेतात फिरता त्याच मातीत, बांधाजवळ, एक हक्काची पट्टी ठेवा. तिथे स्टीलचा रुपया, जुना जाड पाच रुपये, दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं आणि एक चांदीचं जोडवं, प्रत्येक दोन, चार आणि सहा इंचांवर पुरा. एका नाण्याशेजारी मुद्दाम खिळा ठेवा. वर काड्या रोवा, वहीत नकाशा काढा. सोन्याची अंगठी पुरू नका, नुसती जमिनीवर ठेवून ऐका, आणि घरी सांगून न्या. मग पडद्यावर फडकं टाकून फक्त कानाने फिरा. ताज्या उकरलेल्या मातीतला आवाज मुरलेल्या मातीतल्यापेक्षा थोडा वेगळा असतो, तेवढी सूट द्या. चार इंचांवरचा रुपया तुम्हाला ऐकूच येत नसेल, तर गेल्या इतक्या महिन्यांचा जाब जमिनीला विचारण्यात अर्थ नाही. आणि सगळं स्पष्ट ऐकू येत असेल, तर तुमचं कान-मशीन ठीक आहे, जागा बदला. एवढं कळलं तरी निम्मी मरगळ जाते, कारण माणसाला न सापडण्यापेक्षा का सापडत नाही हे न कळण्याचा त्रास जास्त होतो.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट सांगतो, जी मी स्वतः कंटाळा आला की करतो. एकरभर शेत पालथं घालायचं नाही. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन दहा फूट बाय दहा फूट जागा आखायची, डिस्क्रिमिनेशन पूर्ण उघडायचं, आणि त्या चौकोनात जे काही वाजेल ते सगळं काढायचं. खिळा वाजला, काढला. तार वाजली, काढली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या. काही वस्तू एकाच दिशेने वाजतात हे इथे पहिल्यांदा कळतं. मोठ्या लोखंडाच्या सावलीत दडलेलं बारीक काहीतरी, वरचं लोखंड निघाल्यावर बोलायला लागतं. आतापर्यंत आपण किती गोष्टींवरून चालत गेलो याची कल्पना त्या शंभर चौरस फुटांत येते. खड्डे मात्र लगेच बुजवा. शेतकरी एकदा खड्ड्यात अडखळला की पुढच्या वर्षीची परवानगी गेलीच.

आता त्या लोखंडाबद्दल. तुम्ही खिळे आणि भंगार एका ओळीत उडवून लावलेत, आणि मला वाटतं उत्साहाचा खरा प्रश्न तिथेच आहे. घरी जाऊन पिशवी ओता आणि एकदा नीट बघा. आपल्याकडच्या शेतात सगळ्यात जास्त मिळणारी जुनी चीज म्हणजे बैलाचा नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एक अखंड नाल त्याला चालत नाही. प्रत्येक खुराला दोन वेगळी पानं लागतात. पान चार बोटं लांब, एका बाजूने वळलेलं, बाहेरच्या कडेला खिळ्यांची ओळ. गंज झटकला की एखाद्या भोकात मोडक्या खिळ्याचं डोकं अजून अडकलेलं सापडतं. टाच झिजून कागदासारखी झाली असेल तर ते पान बरंच चालून मग पडलेलं आहे. ताठ आणि जाड असेल तर ठोकल्यावर लवकरच निघालेलं, बहुधा चिखलात.

एकटंदुकटं पान कुठेही मिळतं, त्यावरून काही ठरत नाही. पण चार-पाच पानं एका रेषेत लागली की वही काढा. ती रेषा आजच्या बांधाला तिरकी जात असेल, तर तिथून कधीतरी गाडवाट जात होती, शेतं नंतर पडली. त्याच रेषेवर चाकाच्या धावेचा, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीचा, तुकडा मिळाला तर शंकाच नको. रेषा पकडून दोन्ही बाजूंना जायचं. ती कुठेतरी विहिरीपाशी, जुन्या आंब्याखाली किंवा नाल्याच्या उताराशी पोचते, जिथे गाडी थांबायची, बैल सुटायचे, माणसं बसायची. माणूस बसतो-उठतो तिथे त्याच्या कनवटीचं पडतं. चालताना फारसं पडत नाही. मला भोकाचे पैसे असेच मिळाले आहेत, १९४३ ते ४७ मधले. ते रानाच्या मध्यात मिळाले नाहीत. बुजलेल्या विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या जागेपासून, दहा-बारा पावलांवर मिळाले. नालाच्या पानांनी तिथवर नेलं. ती पानं मी फेकली असती तर ते रान माझ्या हिशेबात "रिकामं" म्हणून जमा झालं असतं.

सराफ्यातले झारेकरी दुकानापुढची धूळ झाडून नेतात, तेव्हा त्या एका सुपड्यात सोनं आहे का असा त्यांचा प्रश्न नसतो. कुठल्या दुकानापुढची, कुठल्या आठवड्यातली धूळ, हे त्यांना ठाऊक असतं. आपलंही तसंच व्हायला हवं. मी दर फेरीला जाताना जमिनीला विचारायचा एक प्रश्न ठरवून जातो. वाट विहिरीच्या उत्तरेने होती की दक्षिणेने? आठवडी बाजार भरायचा तो वडाच्या अलीकडे की पलीकडे? उत्तर खिळ्यांनी दिलं तरी चालतं. संध्याकाळी वहीत एक ओळ लिहिता आली की फेरी फुकट गेल्यासारखी वाटत नाही. रिकामी निघालेली जागासुद्धा नकाशात भरतोच. घरच्यांच्या "किती किलो?" ला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं आलं, पण ते जमिनीच्या वरचं. खालचं आपण काढतोय, असं सांगून बघा.

जागांबद्दल थोडं. आठवडी हाट भरायची पण आता हलली आहे अशी मोकळी जागा, गावाबाहेरची आमराई, जुनं खळं, बंद पडलेल्या शाळेचं पटांगण, ओळखीच्या वाड्याचं अंगण जिथे फरशी उखडून काम चाललं आहे, या माझ्या पसंतीच्या. हाटाच्या जागेत ॲल्युमिनियमचे पैसे बक्कळ मिळतात आणि कान तयार होतो. मालकाची, आणि पंचायतीची जागा असेल तर सरपंचांची, तोंडी तरी परवानगी घ्याच. वाटेवरचा प्रत्येक माणूस "क्या ढूंढ रिये हो भिया?" म्हणून थांबणार. त्याला नाव सांगून सरळ उत्तर द्या आणि नालाचं पान दाखवा. तो हसतो, आणि जुनी वाट कुठून जायची ते तोच सांगतो. शहरातल्या बागा, लालबाग, राजवाड्याचा परिसर, होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्या, कोणतीही गढी किंवा पडकं देऊळ, महूकडची लष्करी हद्द, इथे मशीन गाडीतून उतरवायचंसुद्धा नाही.

कायद्याची बाजू लोक टाळतात, पण आपल्या छंदाची अपेक्षा तिनेच ठरते. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मालक ठरला नाही आणि आपसात काही करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनवाल्याचा, असंही तोच कायदा सांगतो. त्याशिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू त्याच्या कक्षेत येते. म्हणजे होळकरी नंदीचं तांब्याचं नाणं लागलं तर आनंद जरूर करा, पण पुसू नका, जागेची खूण ठेवा, फोटो काढा आणि कळवा. भांडं किंवा एकापाठोपाठ एक नाणी दिसली तर खोदणं तिथेच थांबवा. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा आणि शोध नोंदवण्याची देशभरची व्यवस्था या छंदाला धरून आहे, तसं आपल्याकडे नाही. त्यामुळे "सापडलं, माझं झालं, कपाटात लावलं" या सुखासाठी मशीन घेतलं असेल, तर हा छंद तुम्हाला कायम कोरडाच वाटणार, आणि अशा वेळी विकणं हा खरंच शहाणपणाचा निर्णय आहे.

कोरड्या काळात आणखी एक धोका असतो, त्याबद्दल स्पष्ट बोलतो. तुमच्याकडे मशीन आहे ही बातमी गावात पसरते. मग फोन येतो. आमच्या जुन्या घरात हंडा आहे, आजोबांना स्वप्नात दिसला, अमावास्येला या, रात्रीच या, कोणाला सांगू नका, निम्मं निम्मं. काही न सापडल्याने माणूस इतका भुकेला झालेला असतो की त्याला हे खरं वाटायला लागतं. जाऊ नका. कधीच नाही. तिथे बहुतेक वेळा पूजा सांगणारा एक बाबा आधीच बसलेला असतो, घरातल्यांचे पैसे त्याने घेतलेले असतात आणि तुमचं मशीन त्याच्या भाकिताला साक्षीदार म्हणून हवं असतं. तीच गोष्ट त्या दोन दांड्यांच्या लाँग रेंज यंत्रांची, शंभर मीटरवरून सोनं दाखवतो म्हणणाऱ्या. हातातल्या कंपाने फिरणाऱ्या काड्या आहेत त्या. किंमत मात्र चांगल्या मशीनच्या दुप्पट-तिप्पट.

याउलट एक काम असं आहे की ज्याने माझा स्वतःचा छंद टिकला, आणि ते म्हणजे लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणं. इथे कायद्याची अडचण नाही, मालक समोर उभा असतो. एका मॅरेज गार्डनमध्ये रात्री लग्न झालं आणि नवऱ्या मुलाच्या मामींची अंगठी गेली. सकाळी बोलावलं तेव्हा हिरवळीवर मंडपाचे खिळे, फुलांच्या माळांची तार, पाण्याच्या ग्लासांची फॉइलची झाकणं, सगळं पसरलेलं. मामी स्टेजपासची जागा दाखवत होत्या, कारण अंगठी नाही हे तिथे लक्षात आलं होतं. मी त्यांना एकच विचारलं, हात कुठे धुतलेत? अंगठी लक्षात येते तिथे पडत नाही. थंडीत बोट आकसतं, त्यावर पाणी किंवा साबण लागतो, आणि हात झटकताना ती जाते. आधी त्यांच्याच दुसऱ्या अंगठीचा आवाज त्या हिरवळीवर ऐकून ठेवला, मग हात धुण्याच्या टेबलापासून झटक्याच्या अंतरावर सुतळी लावली. तिथला सगळा चकचकीत कचरा उचलत गेलो, आणि अंगठी टेबलापासून सहा-सात फुटांवर गवताच्या मुळात उभी रुतलेली निघाली. गेले काही महिने मी ज्या ॲल्युमिनियमच्या कपट्यांना वैतागलो होतो, त्यांच्याच पट्ट्यात तिचा आवाज होता. तो कान त्या कपट्यांनीच तयार केला होता. नातेवाइकांत, ओळखीच्या मॅरेज गार्डनवाल्यांना, गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्यांना सांगून ठेवा, की हरवलं तर बोलवा, पैसे घेणार नाही. वर्षातून अशी चार कामं आली तरी घरातली "किलो" ची चेष्टा थांबते, निदान मामींच्या बाजूच्या घरात.

राहिला हंगाम. तुम्ही आता पावसात विचारताय. सोयाबीन उभं आहे, रानात पाय टाकायची सोय नाही, आणि काळी माती कॉइलला नि बुटाला किलोकिलोने चिकटते. या दोन-तीन महिन्यांत काही लागत नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नका, त्याला कोरडा काळ म्हणतच नाहीत. चाचणीची पट्टी तेवढी पावसात पुरून ठेवा, माती मुरेल. सोयाबीन निघाल्यावर आणि गहू पेरायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थोडे दिवस रान मोकळं असतं. मातीत ओल असते, खुरपं लोण्यासारखं जातं नि सिग्नलही स्वच्छ येतात. पुढची मोठी संधी मार्च-एप्रिलमध्ये, गहू निघाल्यावर. मेमध्ये माती दगड होते, पहार लागते, मी जात नाही. आणि गेलात तरी दोन तासांत परत या. थकल्यावर माणूस कॉइल उचलून फिरवायला लागतो, झोक्याच्या दोन्ही टोकांना ती जमिनीपासून वीतभर वर जाते, आणि मग मशीन ऐकतं ते नुसती हवा.

विकण्याचं तेवढं राहिलं. आत्ता विकलंत तर भाव मिळणार नाही, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं. ऑक्टोबरात पट्टीवर चाचणी करा, एक चौकोन पूर्ण साफ करा, एखादी गाडवाट धरून बघा. त्यानंतरही सकाळी उठून जावंसं वाटत नसेल तर मार्चमध्ये, गव्हाची काढणी सुरू झाली की विका. लहान कॉइल घेतलीत तर ती मशीनबरोबर देऊ नका, वेगळी विका, आपल्याकडच्या लोकांना तीच हवी असते. आणि मशीन सेलवर चालणारं असेल तर आजच सेल काढून ठेवा. या दमट हवेत ते आतल्या आत गळतात आणि पट्ट्यांवर हिरवा गंज चढला की कोणी निम्म्या किमतीतही घेत नाही.